स्वावलंबन सोसायटीतल्या मित्रफौजा

मंगळवार, २९ जानेवारी १९९१

अमेरिकेची लष्करी विमाने आखाताकडे जाताना आपल्या सहार विमानतळावर उतरतात आणि तेल भरून पुढे जातात, अशी बातमी पेपरात आली आहे. मी ती दोनदा वाचली. चहा गार झाला.

कारखान्यात (रबाळ्याला, स्टोअर्स विभागात मी एकोणीस वर्षे आहे) जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. कुणाला पत्ता नाही. एक जण म्हणाला, "भरू द्या की, पैसे देतात ना?" सार्वभौमत्व म्हणजे पेट्रोल पंप नव्हे, असे मी त्याला समजावले. माझे शिक्षण सातवी. पण वाचन मी कधी सोडले नाही आणि शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ शब्दकोशात पाहतो. ग्रॅज्युएट लोक हे करत नाहीत.

संध्याकाळी संपादकांना पत्र लिहायला बसलो. 'परकी फौज एकदा अंगणात आली की यजमानाला परवानगी मागून घरात यावे लागते' हे वाक्य चांगले उतरले. सौ. सगुणाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ते सहारचं राहू द्या. आपल्या प्लॉटवर परत त्यांची फियाट लागलीय."

खिडकीतून पाहिले. लागली होती.

शनिवार, २ फेब्रुवारी

प्लॉटचा प्रश्न नीट नमूद करून ठेवतो.

आमची 'स्वावलंबन' आणि पलीकडची 'नवचैतन्य' या दोन सोसायट्यांच्या मधला मोकळा प्लॉट सिडकोने आमच्या संस्थेला दिलेला आहे. हेतू : सार्वजनिक वाचनालय. अर्ज मी केला, खेटे मी घातले. अट अशी की जूनअखेर बांधकाम सुरू झाले पाहिजे, नाहीतर प्लॉट परत. माझ्याकडे पलंगाखाली चार ट्रंका भरून पुस्तके आहेत, रद्दीवाल्याच्या तावडीतून एकेक करून सोडवलेली. मला लहानपणी एकही पुस्तक कुणी दिले नाही. या कॉलनीतल्या पोरांना ते मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे. मी सेक्रेटरी झालो तो त्यासाठी. मानासाठी नव्हे.

दिवाळीपासून नवचैतन्यवाले तिथे गाड्या लावतात. आधी एक स्कूटर होती. आता रांग आहे आणि ती फियाट.

त्यांचे सेक्रेटरी विश्वजित गुप्ते यांना आज भेटलो. बँकेत ऑफिसर. मला बसा म्हणाले नाहीत.

"ढेबे, तुमचं वाचनालय झालं की काढू ना गाड्या."

"गाड्या काढल्याशिवाय पाया कसा खणणार?"

"मग आधी पाया तर दाखवा," म्हणाले, आणि हसले. वर असेही म्हणाले की मूळ नकाशात ती जागा त्यांच्याच बाजूला होती, मध्ये भिंत घालणाऱ्यांनी घोळ केला.

इराकसुद्धा कुवेतबद्दल हेच म्हणत होता.

रविवार, १० फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. अतिक्रमणाचा तीव्र शब्दांत निषेध करणारा ठराव मी मांडला. 'तीव्र' ऐवजी 'अत्यंत तीव्र' असावे का यावर चर्चा झाली. एकमताने 'अत्यंत तीव्र' मंजूर. ठरावाची प्रत गुप्त्यांना पाठवली.

संध्याकाळी फियाटच्या शेजारी एक मारुती व्हॅन.

बुधवार, १३ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्यावरचे फजल आले होते. म्हसळ्याकडचे, कुवेतला एअर कंडिशनच्या धंद्यात बारा वर्षे होते. ऑगस्टात सगळे टाकून अम्मानमार्गे एका बॅगेनिशी परत आले. आता लढाई कधी संपते आणि परत कधी जातो याची वाट पाहत रोज आमच्याकडे रेडिओ ऐकतात. स्वतःचा रेडिओ कुवेतला राहिला.

मी त्यांना प्लॉटची स्थिती सांगितली.

"साहेब, कुवेतच्या अमीरने काय केलं? निषेधाचा ठराव केला? केला असेल. पण मग फोन कोणाला लावला?"

मी म्हणालो, परकी फौज बोलावणे हा माझ्या तत्त्वात बसणारा मार्ग नाही.

स्वयंपाकघरातून सगुणा म्हणाली, "परकी कशाला? आमच्या गावचा कृष्णात आहे की. घणसोली गावात राहतो. कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहे. तालमीतली दहा-बारा पोरं हाताशी असतात त्याच्या. मला आक्का म्हणतो."

फजल माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या. घरातच निघाली."

रात्रभर विचार केला. बोलावणे आणि निमंत्रण देणे यात फरक आहे. निमंत्रित मित्र हा परका नसतो. शब्दकोशात पाहिले, तिथेही तसेच आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी

घणसोली गावात गेलो. घरे एकमेकांना इतकी चिकटून की एकाचा फोडणीचा ठसका दुसऱ्याला. कृष्णातची खोली माडीवर. आत दहा ट्रंका, दहा वळकट्या आणि एकच खिडकी. कान मोडलेले पैलवान भिंतीला टेकून बसले होते. माणसाच्या मानेला एवढे मांस असते हे मला ठाऊक नव्हते.

मी माझी ओळख 'सचिव, स्वावलंबन सहकारी गृहनिर्माण संस्था' अशी करून दिली.

"बसा की दाजी," कृष्णात म्हणाला. "आक्का बरी हाय नव्हं?"

मी सर्व प्रश्न इतिहासासकट मांडला. त्याने मध्येच विचारले, "मारायचं हाय का नुसतं बसायचं हाय?"

"नुसते बसायचे. उपस्थिती."

"मग सोपं हाय. होळी कधी हाय आपली?"

मुदत मी स्पष्ट केली : सात दिवस. जेवण संस्थेतर्फे. तो म्हणाला, "दिवसाचं काय घेऊन बसलाय दाजी. काम झाल्याबिगर आमी हलत न्हाय." हे वाक्य तेव्हा मला फार आवडले.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

ऐतिहासिक दिवस. आखातात शस्त्रसंधी आणि आमच्या प्लॉटची मुक्तता एकाच तारखेला. हा योगायोग माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

कृष्णातची माणसे सकाळी टेम्पोतून आली. मार्केटमधल्या मोडक्या पेट्या, फळ्या, शेणी, एरंडाचा सोट. कुणाशी एक शब्द नाही. गाड्यांच्या मधोमध खड्डा घेतला, एरंड रोवला आणि होळी रचायला लागले. एका बाजूला फियाट दोन हातांवर, दुसऱ्या बाजूला व्हॅन.

गुप्ते बनियनवर खाली आले. "हे काय चाललंय? इथे गाड्या आहेत."

"होळी हाय," कृष्णात म्हणाला. "रचल्याली होळी हलवत न्हाईत साहेब. गाडी हलते."

दुपारपर्यंत एकेक गाडी निघाली. शेवटी फियाट निघाली, ती चालू होईना म्हणून पैलवानांनीच उचलून रस्त्यावर ठेवली. संध्याकाळी होळी पेटली तेव्हा गुप्त्यांच्या सौभाग्यवतीच पहिला नैवेद्य घेऊन आल्या. बोंब नवचैतन्यच्या दिशेने मारण्यात आली, पण ती कुणाच्या नावाने नव्हती, याची मी खात्री करून घेतली.

फजलनी मिठी मारली. म्हणाले, "आज दोन ठिकाणची सुटका झाली." त्यांचे डोळे भरून आले होते. कुवेतसाठी असावेत.

सोमवार, ४ मार्च

कृष्णातला भेटून संस्थेच्या वतीने आभार मानले आणि मुदत पूर्ण होत असल्याची आठवण करून दिली.

"जाऊ की. पण दाजी, आमी पाठ फिरवली आन् रात्रीत गाड्या परत आल्या म्हंजे? काल त्यो गुप्ते गच्चीवरनं बघत हुता."

"बघण्याला बंदी नाही."

"बघण्यातनंच सुरू होतं सगळं."

यात तथ्य आहे. तूर्त सुरक्षिततेची परिस्थिती पूर्ण निवळेपर्यंत त्यांनी थांबावे असे ठरले. मीटरच्या खोलीशेजारची मोकळी जागा झोपायला दिली. प्लॉटवर दोरी बांधून त्यांनी लंगोट वाळत घातले आहेत. दुरून पताका वाटतात.

मंगळवार, १२ मार्च

मित्रफौजांचा दर्जा लेखी ठरवणे आवश्यक आहे हे ओळखून मी अकरा कलमांचा मसुदा केला. कलम एक : संस्थेचे सार्वभौमत्व अबाधित राहील. कलम दोन : मित्रफौजा संस्थेच्या नियमांस बांधील राहतील. कलम तीन : लंगोट इमारतीच्या दर्शनी बाजूस वाळत घालू नयेत.

कृष्णातला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "लई छान लिवता तुमी दाजी." सही मात्र केली नाही. हात पिठाचे होते, भाकरी थापत होता.

रविवार, १७ मार्च, पाडवा

एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आमच्या लोकांना ही माणसे आवडायला लागली आहेत.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गॅसचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर न्यायला सिलिंडरवाला कुरकुरतो, वर चहापाणी मागतो. परवापासून पैलवान नेतात, एका हातात एक. चौथ्या मजल्यावरच्या यशोदाबाईंचे गुडघे गेले आहेत. सहा महिन्यांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. काल दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेले आणि परत येताना बाजारातून फिरवून आणले. बाई गॅलरीतून सगळ्यांना सांगत होत्या, "मी पालखीतून गेले."

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक पोरांना चॉकलेटे वाटत, असे मी वाचले आहे. पद्धत तीच. मी सगुणाला हे दाखवून दिले.

"तुम्ही नेला का एकदा तरी यशोदाबाईंचा सिलिंडर?" तिने विचारले.

विषय माझ्या प्रकृतीचा नव्हता, तत्त्वाचा होता. पण पाडव्याच्या दिवशी वाद नको म्हणून गुढी उतरवायला गेलो. आज आमच्याकडच्या पुरणपोळ्यांपैकी बहुतेक खाली गेल्या. सगुणा म्हणाली, "माहेरची माणसं आहेत." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्या पाटणच्या बोलीतला हेल इतका स्पष्ट मी ऐकला नव्हता. पंधरा-वीस दिवसांत परत आला.

शनिवार, ३० मार्च

हनुमान जयंती. आज माझ्याकडून एक गोष्ट घडली. ती चूक आहे की नाही हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून जशी झाली तशी लिहितो.

आठवड्यापूर्वी कृष्णात म्हणाला, "दाजी, पोरांचा व्यायाम बंद पडलाय. अंग बसलं. जरा माती टाकू का कोपऱ्यात?" व्यायामाला कोण नाही म्हणेल? मी तात्पुरत्या स्वरूपाची परवानगी दिली आणि 'तात्पुरत्या' हा शब्द दोनदा उच्चारला.

कोपऱ्यात म्हणता म्हणता प्लॉटच्या मधोमध कुस्तीचा हौद झाला. ट्रकभर तांबडी माती आली, चाळली गेली. आज सकाळी मला मानाने खाली बोलावले. सगळी सोसायटी जमली होती. नवचैतन्यचे लोकही गॅलऱ्यांतून पाहत होते. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे होते आणि पहिला हात सेक्रेटरींचा, असा कृष्णातचा आग्रह. मी बाह्या सरसावल्या. ताक ओतले. हळद मिसळली. नारळ मीच फोडला, तोही एका फटक्यात, आणि टाळ्या वाजल्या. पन्नासाव्या वर्षी माणसाला टाळ्या क्वचित मिळतात.

संध्याकाळी फजलचा रोजा सुटायच्या वेळी त्यांच्याकडे होतो. करिमुन्निसा भाभींनी खजूर पुढे केले. मी सकाळचा प्रसंग सांगितला. फजलचा हात तोंडाशी थांबला.

"ढेबेसाहेब, नारळ तुम्ही स्वतः फोडला?"

"संस्थेच्या वतीने."

"मग आता ती माती काढणार कोण? पूजलेली माती आहे. तुम्ही फावडं लावाल?"

नाही लावणार. कुणीच लावणार नाही. गुप्तेसुद्धा नाही.

"कुवेतमध्ये पण असंच होणार बघा," फजल म्हणाले. "आलेली माणसं वाईट नाहीत. फक्त जायला आलेली नाहीत."

"तुम्हाला याचे वाईट नाही वाटत?"

"मला? ते तिथे बसले तर माझी नोकरी परत उभी राहते. मी दुवा मागतो त्यांच्यासाठी." आणि खजूर खाल्ला.

सोमवार, ८ एप्रिल

शिवतेज नावाच्या पैलवानाच्या हातून व्यायामाचा जड मुद्गल सुटला आणि पाण्याच्या टाकीचा पाइप फुटला. दिवसभर सोळा बिऱ्हाडांना पाणी नाही. मी ताबडतोब चौकशी समिती नेमली (मी) आणि शिवतेजला जबाब द्यायला बोलावले. तो आला नाही. कृष्णात आला.

"शिक्षा झाली दाजी त्याला. पाचशे बैठका."

"कोणी दिली?"

"आमच्या तालमीच्या वस्तादांनी."

"वस्ताद तर पाटणला असतात ना?"

"एसटीडीवरनं दिली."

"गुन्हा आमच्या हद्दीत झाला आहे. अधिकार आमचा."

"आमच्या माणसाला आमीच बघतो दाजी. तुमी कशाला तरास घेता." मग त्याने स्वतः पाइप जोडला. चांगला जोडला, पूर्वी तो गळत होता, आता गळत नाही. पण मुद्दा पाइपाचा नाही हे कुणालाच समजेना. चेअरमनसुद्धा म्हणाले, "पाणी आलं ना? सोडा आता."

मी सोडणार नाही. जून जवळ येतो आहे. पाया खणायचा तर कुठे? हौदात?

रविवार, २१ एप्रिल

आज विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. 'मित्रफौजांनी परत जावे' असा सरळ ठराव मांडला असता तर पडला असता, याची मला कल्पना होती. जिन्यात बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यात सगुणा पुढे होती. म्हणून मी ठरावाची भाषा काळजीपूर्वक घडवली : 'ज्या बांधवांनी संस्थेला मोलाची साथ दिली त्यांचा महाराष्ट्र दिनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा व त्यांना कृतज्ञतापूर्वक निरोप द्यावा.'

सत्कार म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. यशोदाबाईंनी गॅलरीतूनच दोन्ही हात वर केले. एकमताने मंजूर.

खाली उतरून कृष्णातला ठराव वाचून दाखवला. 'निरोप' या शब्दाशी तो थांबला.

"म्हंजे जायचं म्हणताय."

"संस्थेचा निर्णय आहे."

"बरं. तुमची जागा, तुमचा शबुद. जातो."

एवढेच. मी युक्तिवादांची पूर्ण तयारी करून गेलो होतो. ते तसेच घेऊन वर आलो. सगुणाने ताट वाढले आणि समोर न बसता आत गेली.

बुधवार, १ मे

सत्कार पार पडला. माझे भाषण चांगले झाले. 'मित्र तो, जो वेळेवर येतो आणि वेळेवर जातो' या वाक्यावर मी टाळ्यांसाठी थांबलो. कृष्णातने एकट्याने वाजवल्या.

परवा शुक्रवारी ते जाणार. मी मोजणीची टेप काढून ठेवली आहे. मातीचे काय करायचे तेही कृष्णातने सांगितले : ती काढणार ते, नेणार ते, वाजतगाजत. माझ्या छातीवरचा दगड उतरला. हौद जाईल, पाया येईल.

गुरुवार, २ मे

आज दोन गोष्टी झाल्या.

सकाळी उठून पाहतो तो प्लॉटच्या कडेला, हौदापासून आदराने थोडी दूर, एक स्कूटर उभी. नंबर ओळखीचा.

संध्याकाळी कामावरून येताना गुप्ते फाटकाशी भेटले. आज 'बसा' म्हणण्याइतके हसत होते. "थँक्स हां ढेबे. तुम्ही सोडलंत म्हणून आम्हाला मिळाले. आम्ही त्यांना दोन गॅरेजेस देतोय. मागची मोकळी जागा आहे, तिथे हौद. आमच्याकडे पण पाचवा मजला आहे ना, सिलिंडरचा भारी प्रॉब्लेम."

"कुणाला देताय?"

"तुमच्या पैलवानांना. उद्या मिरवणूक आहे. ढोल आमच्याकडून."

मी घरी आलो. पाणी प्यायलो. मग लक्षात आले की आपण उभेच आहोत.

सगुणाला सांगितले. ती म्हणाली, "आता बसा नागरिकशास्त्र वाचत. तिकडनं येतील ते, आणि पुढच्या वर्षी होळी त्यांच्या अंगणात पेटेल. बोंब कुणाच्या नावानं मारतील?"

मित्रराष्ट्र शत्रूला जाऊन मिळणे ही इतिहासातली सर्वात गंभीर घटना असते. मी चपला घातल्या आणि खाली गेलो.

कृष्णात वळकटी बांधत होता.

"तुम्ही नवचैतन्यला चाललात?"

"माती कुटंतरी ठेवावीच लागती दाजी. डोक्यावर घिऊन किती दिस फिरणार?"

"पण ते आपले विरोधक आहेत."

"तुमचे. आमचं त्यांचं काय न्हाय. बाई नैवेद्य घिऊन आल्या हुत्या." त्याने गाठ मारली. "आन् घणसोलीची खोली आमी मागंच सोडली. म्हटलं हितं पोरांना वारा लागतो, आक्का हाय. आता हितनं उठा म्हटल्यावर जिकडं बोलावतील तिकडं."

हे मला कुणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

वरच्या गॅलरीत यशोदाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. इतर गॅलऱ्यांतही लोक होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, ठराव त्यांनीही हात वर करून मंजूर केला असताना.

मी म्हणालो, "थांबा."

"किती दिस?" कृष्णातने विचारले. पहिल्यांदाच त्याने मुदतीचा विषय काढला. "सात दिसांवर आमी आता ऱ्हात न्हाय दाजी. पोरांनी परत वळकट्या बांधायच्या न्हाईत."

रविवार, ५ मे

करार झाला. मसुदा संपूर्ण माझा आहे.

मुदत दहा वर्षे, पुढे उभयपक्षी संमतीने. हौद व त्याभोवतीची जागा मित्रपक्षाच्या वापरात राहील. मित्रपक्षाच्या माणसांच्या चुकांचा निवाडा मित्रपक्ष करील. लंगोटांचे कलम वगळले. कलम एक जसेच्या तसे ठेवले : संस्थेचे सार्वभौमत्व अबाधित राहील. यावर मी ठाम होतो आणि कृष्णातने त्याला काहीच हरकत घेतली नाही. याला मी वाटाघाटीतले यश म्हणतो.

या वेळी त्याने सही केली. हात कोरडे होते. फजलनी साक्षीदार म्हणून सही केली आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "मस्त. अगदी इंटरनॅशनल झालंय." स्कूटर दुपारी आपोआप गेली. सगुणाने शिरा केला आणि आधी मला वाढला.

सिडकोकडे मी रीतसर कळवले की प्लॉटवर सामाजिक उपक्रम सुरू झालेला आहे. हे खोटे नाही. प्लॉट परत जाणार नाही.

शुक्रवार, १० मे

फजल आज निघाले. व्हिसा आला. टॅक्सीत बसताना मी म्हणालो, "सांभाळून. तिकडे अजून फौजा आहेत."

"इकडे नाहीत का?" ते म्हणाले. त्यांची नवी बॅग शिवतेज खाली घेऊन आला होता.

रविवार, १२ मे

वाचनालयाची कल्पना मी सोडलेली नाही. हौदाच्या उत्तरेला, भिंतीच्या कडेला, एका कपाटाची आणि एका बाकाची जागा निघते. मी टेपने मोजले. मोजताना चपला काढून गेलो. तिथे आता तसाच रिवाज आहे.

कृष्णातला तोंडी विचारले. तो म्हणाला, "ठेवा की पुस्तकं. पण त्या कोपऱ्यात मुद्गल असत्यात. वस्तादांना विचारून सांगतो."

"ते कधी येणार?"

"गावची जत्रा उरकली की. तवर तुमी लिवून द्या, म्हंजे फोनवर वाचून दावतो."

म्हणून आज सकाळी बसून अर्ज केला. मायना 'माननीय वस्ताद यांस' असा ठेवला. विषय : वाचनालयाच्या कपाटाकरिता जागा मिळणेबाबत. चार ओळींत संपवला. मोठ्या माणसांना लांबण आवडत नाही.

सगुणाने वाचला आणि विचारले, "हे 'आमच्या प्लॉटवर' कशाला लिहिलंय? त्यांना वाटेल तुम्ही परत भांडण काढताय."

मी विचार केला. संबंध आत्ता कुठे सुरळीत झाले आहेत. अर्ज नव्या कागदावर उतरवून काढला आणि तिथे 'सदर प्लॉटवर' असे केले. अर्थाला बाध येत नाही.